लाभ, दोन, तीन

उज्ज्वला चप्पल न काढता उंबरा ओलांडून आत आली, तेव्हाच शैलाने ओळखलं की आज हिला भांडायचंच आहे. नात्याने ती धाकटी जाऊ. दोघींच्या घरांना मधली भिंत एकच, पण गेल्या अकरा वर्षांत विरजणाची वाटीसुद्धा इकडची तिकडे गेली नव्हती. समोरासमोर आल्या की मान वळवायची, हा नियम दोघींनी न ठरवता पाळला होता. तो मोडून बाई आत आली म्हणजे प्रकरण साधं नसणार.

तिच्या एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक काळं, तुटलेलं पाऊल.

हाडामांसाचं नव्हे, कार्बनचं. उज्ज्वलाचा नवरा विलास, म्हणजे शैलाचा दीर, याचा डावा पाय सहा वर्षांपूर्वी ट्रकखाली गुडघ्यापासून गेला होता. त्याच्या कृत्रिम पायाचं पाऊल, पाच महिन्यांपूर्वी कंपनीकडून बदलून आलेलं, शैलाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने दाबून केलेलं होतं. मंगळवारी सकाळी गच्चीच्या जिन्यावरून उतरताना ते मधोमध तुटलं. विलास नऊ पायऱ्या घरंगळत खाली आला आणि खुब्याचं हाड मोडून मिरजेच्या दवाखान्यात जाऊन पडला.

"आक्का, हे कंपनीनं काढलेलं तुमच्या मशीनचं टिपण," उज्ज्वलाने कागद पुढे धरला. "आठ महिन्यांत दोनशे बारा पावलं. प्रत्येकात बारा मापं धागा घालायचा. तुम्ही घातलीत अकरा. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, दोनशे बारा वेळा अकराच. कंपनीकडनं धागा मात्र बारा मापांचा उचललाय. एक माप कुठं गेलं?"

शैलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी माप मारलं म्हणतीस?"

"मी कशाला म्हणू? तुमचंच मशीन म्हणतंय."

मग जे व्हायचं ते झालं. चाळीस घरांच्या त्या गल्लीत दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या गेल्या. शैलाने उज्ज्वलाच्या डिग्रीचा उद्धार केला, उज्ज्वलाने शैलाच्या हाताचा. माझ्या माणसाच्या पायातला धागा चोरून विकला, असं उज्ज्वला गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि रविवारी समाजमंदिरात चौकशी आहे, पुण्याहून कंपनीच्या बर्वेबाई येणार आहेत, तिथं तोंड दाखवा, असं सांगून निघून गेली. चपलेच्या मातीचे ठसे फरशीवर राहिले. शैलाने ते पुसले नाहीत. तिने कागद वाचला, परत वाचला, आणि तिला रडू आलं नाही याचाच तिला राग आला.

विट्याची ही गल्ली मुळात मागवाल्यांची. माग बंद पडले, शेड रिकाम्या झाल्या, आणि बारा-पंधरा वर्षांनी घराघरात ही यंत्रं आली. कंपनी एकच, म्हणून तिला कुणी नावाने ओळखत नसे, नुसतं 'कंपनी' म्हणत.

काम तसं समजायला सोपं होतं. कार्बनचा धागा केसाहून बारीक, लांबीच्या बाजूने ओढला तर पोलादाला लाजवेल, पण आडवा मोडला तर पटकन मोडणारा. जुन्या काळी विमानाचे भाग करताना त्याचं कापड विणत, थर रचत आणि घराएवढ्या भट्टीत शेकत. ते घरी जमण्यासारखं नव्हतं. पण हाच धागा बोटाच्या पेराएवढा कापून साच्यात वेडावाकडा टाकला, डिंकासारखं चिकट रेझिन ओतलं आणि वरून दाब दिला, की तुकडे चहूदिशांनी एकमेकांत बसतात आणि भाग सगळ्या बाजूंनी मजबूत होतो. वर काळ्या संगमरवरासारखी नक्षी उमटते ती वेगळीच. अडचण होती ती दाबाची आणि तापमानाची. मग पाणी उकळायच्या आतच्या उष्णतेला, वीस मिनिटांत, शिलाई मशीनएवढ्या यंत्राच्या दाबाखाली घट्ट होणारं रेझिन निघालं आणि कारखाना स्वयंपाकघराशेजारी आला. धागाही स्वस्त झाला, कारण पठारावरच्या पवनचक्क्यांची म्हातारी पाती उतरवून त्यातून तो काढता येऊ लागला.

सगळी मेख होती ती धागा आणि रेझिन यांच्या प्रमाणात. दोन्ही सारखंच कमी पडलं, तर पाऊल थोडं पातळ होतं, पण एकजीव असतं. धागा पुरा आणि रेझिन कमी असलं, तर आत कोरड्या जागा राहतात. बाहेरून पाहून ते कळत नाही, नाण्याने ठोकून आवाज घेतला तरी कळत नाही. कडा घासताना वजन पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतं, त्यामुळे वजनाचाही भरवसा नसे.

पहिल्या वर्षी कंपनीने धागा तोलायला घरोघरी इलेक्ट्रॉनिक काटे दिले होते. पण या धाग्याच्या बारीक कुसांतून वीज वाहते. ती कुसं हवेत तरंगत काट्यात शिरायची आणि काटा जळायचा. महिन्याला दोन काटे जळायला लागले, तेव्हा कंपनीने काटे उचलले आणि स्टीलचं एक माप दिलं. सपाट भरलं की बरोबर पंधरा ग्रॅम. बायकांचे हातमोजे रेझिनने चिकट, बटणं दाबायची सोय नाही, म्हणून मोजणीचं काम कानावर सोपवलं. यंत्राला एक बंद डबी जोडलेली होती. बाईने माप टाकायचं आणि आकडा मोठ्याने बोलायचा. डबी ऐकणार, मोजणार आणि तेवढ्या मापांचं रेझिन सोडणार. गल्लीने तिचं नाव ठेवलं कानवाली.

माप हातात आलं तेव्हा शैलाला कुणी काही शिकवावं लागलं नाही. तिचे वडील आटपाडीच्या बाजारात मापाडी होते. धान्याच्या राशीपुढे मांडी घालून बसायचे आणि गावाची ज्वारी त्यांच्या हातून मोजून जायची. त्यांच्या मापावर कुणी कधी बोट ठेवलं नाही, हे शैला आयुष्यभर ज्याला त्याला ऐकवत आली होती. नवरा अवेळी गेला, माग गेला, तरी 'मापाड्याची लेक' ही ओळख तिने जपली होती. गल्लीतल्या चाळीसच्या चाळीस बायकांना धागा टाकायला तिनेच शिकवलं. शिकवताना गोड बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. उज्ज्वलाची पहिली तीन पावलं तिने सगळ्यांसमोर ओबडधोबड म्हणून परत फेकली होती. पुढे कंपनीने पर्यवेक्षक नेमायचं ठरवलं, तेव्हा शैलाने अर्ज केला, आणि जागा मिळाली बी.एस्सी. झालेल्या उज्ज्वलाला. उरलंसुरलं बोलणंही त्या दिवशी संपलं.

अशा बाईला कुणी मापचोर म्हटलं तर तिने काय करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी शैला मिरजेच्या गाडीत बसली.

उज्ज्वला दवाखान्यातून नाश्त्याला बाहेर जाईपर्यंत ती व्हरांड्यात थांबली आणि मग आत गेली. विलास उताणा पडला होता, पाय वजनाला बांधलेला. तिला पाहून तो हसला.

"या वैनी. चोर म्हणून आलाय का साव म्हणून?"

"तुला काय वाटतं?"

त्याने उशीखालून एक काळा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. पावलाचा टाचेकडचा भाग. उज्ज्वलाने पुढचा भाग पुरावा म्हणून पिशवीत घातला होता, हा त्याच्या बुटातच अडकून राहिला होता.

"मला काय कळतंय त्यातलं," विलास म्हणाला. "पण तुमच्या हाताला कळंल."

शैला तुकडा घेऊन खिडकीशी गेली. भरल्या अंगाचं पाऊल तुटलं तर तुटलेली कड काचेसारखी चमकते. ही कड चमकत नव्हती. काथ्याच्या तुटक्या दोरीसारखे धागे बाहेर आले होते, सुटे आणि मोकळे. तिने त्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा काळा झाला. पाऊल पातळही नव्हतं. धागा सगळा होता, दाटीवाटीने होता. त्याला धरून ठेवायला रेझिन नव्हतं.

"धागा पुरा हाय," ती स्वतःशीच म्हणाली. क्षणभर तिला इतका आनंद झाला, की समोर माणूस हाड मोडून पडला आहे याचाही तिला विसर पडला. एकेक माप पोचलं होतं. ती चोर नव्हती.

पण परतीच्या गाडीत तासगाव यायच्या आधीच तो आनंद आंबला. धागा पुरा होता, तर रेझिन कमी का होतं? रेझिन काही ती ओतत नव्हती.

दुपारी घरी येऊन तिने दार लावून घेतलं. साचा काढून ठेवला आणि रेझिनच्या नळीखाली स्टीलचा पेला धरला. मग रोजच्यासारखी रिकाम्या पातेल्यात मापं टाकत गेली आणि रोजच्यासारखं बोलत गेली. बारा मापं झाल्यावर नळीतून रेझिन आलं. पेल्यात ते जिथवर आलं तिथं तिने खिळ्याने रेघ ओढली. दुसरा तसाच पेला घेऊन परत बारा मापं टाकली, पण या वेळी कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तशी, शाळेतल्या मुलीसारखी मोजली. या वेळी रेझिन वर चढलं. अर्ध्या नखाने.

ती खाली बसली.

तिचे वडील पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसत. कुठलाच मापाडी म्हणत नसे. रास मोजायला बसलं की पहिलं माप 'लाभ' म्हणून टाकायचं आणि मग पुढं दोन, तीन, चार. म्हणजे राशीला बरकत राहते. शैला वयाच्या सहाव्या वर्षापासून असंच मोजत आली होती. लाभ, दोन, तीन, असं करत बारापर्यंत. कानवालीला एक, दोन, तीन ठाऊक होतं, लाभ ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तो घसा खाकरल्याचा आवाज. ती पहिलं माप सोडून द्यायची आणि अकराच मापांचं रेझिन सोडायची.

मग पहिली काही वर्षं हे का झालं नाही? तेही तिला आठवलं. आधीची कानवाली शेवटचा आकडा धरायची. बारा ऐकलं की बारा. पण गल्लीतल्या बायका गप्पांच्या नादात आकडे गाळतात, पाचानंतर सात म्हणतात, अशी उज्ज्वलानेच कंपनीला तक्रार केली होती. त्यावर आठ महिन्यांपूर्वी नवी आवृत्ती आली, जी प्रत्येक आकडा वेगळा मोजत होती. सुधारणा म्हणतात ती हीच.

भिंतीवर यंत्राच्या वर शैलाने फोटो लावले होते. पाऊल मिळालं की काही माणसं कंपनीमार्फत फोटो पाठवत. जतचा एक पोस्टमन होता, सांगोल्याची एक भाजीवाली होती. आणि तासगावची नऊ वर्षांची गार्गी, दोरीच्या उड्या मारताना, दोन्ही पाय जमिनीपासून वर. त्या चिमुकल्या पावलावर तिने चांदणीचं स्टिकर लावलं होतं. ते पाऊल चार महिन्यांपूर्वीचं होतं.

शैला फोटोकडे बघत राहिली आणि मग तिला त्याहून वाईट गोष्ट सुचली. हे फक्त तिच्या दोनशे बारा पावलांचं नव्हतं. चाळीस घरांतल्या बायकांना मोजायला शिकवलं कुणी? कुणी पहिल्या मापाला चुकून 'एक' म्हटलं, की हातावर चापट मारून 'लाभ म्हण' असं दटावलं कुणी? कंपनीने टिपण काढलं ते फक्त तिच्या मशीनचं, कारण तुटलं ते तिचं पाऊल. बाकीच्या एकोणचाळीस घरांची टिपणं अजून कुणी उघडलीही नव्हती.

तिने स्वतःला एक सणसणीत शिवी घातली. बापाचं नाव राखता राखता हे करून बसली होती.

शनिवारी दुपारी बर्वेबाई आधीच येऊन थडकल्या. ऋता बर्वे, वय असेल तिशीचं, आवाज मऊ आणि डोळे सारखे घड्याळाकडे. उज्ज्वला त्यांच्या मागे उभी होती, दाराच्या चौकटीला टेकून, आत न येता.

बर्वेबाईंनी समजुतीने घेतलं. प्रकरण वाढवायची कंपनीची इच्छा नाही, असं त्या म्हणाल्या. नजरचुकीने माप कमी पडत गेलं असं शैलाने लिहून द्यावं. यंत्र परत न्यावं लागेल, त्याला इलाज नाही, पण पोलिसांत कुणी जाणार नाही.

"आणि बाकीची पावलं?" शैलाने विचारलं.

"त्यांची काळजी नको. अकरा मापं आणि अकरा मापांचं रेझिन, म्हणजे पाऊल पातळ पण एकजीव. आमच्या मर्यादेत बसतं. विलासरावांच्या खांद्यावर त्या दिवशी सिमेंटचं पोतं होतं, म्हणून तुटलं."

शैलाला सगळं दिसत होतं. सही केली, तर ती चोर ठरणार, पण गल्लीची यंत्रं चालू राहणार. उज्ज्वलाचं पद राहणार, कंपनीचं तोंड राहणार. सही केली नाही आणि खरं सांगितलं, तर ती चोर नाही हे सिद्ध होणार, आणि त्याच वाक्यात चाळीस घरांनी आठ महिन्यांत केलेलं एकूण एक पाऊल कोरडं ठरणार. आयुष्यभर जिला चोर हा शब्द सहन झाला नसता तिला आता तोच शब्द सगळ्यात स्वस्त वाटायला लागला.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

जाताना उज्ज्वला पुटपुटली, पण ऐकू जाईल असं. "त्यात सांगायचं काय राहिलंय."

शैलाने तिला त्या क्षणी खरंच मारलं असतं. तो राग बरोबरच होता, आणि गंमत म्हणजे त्या रागानेच तिला रात्रभर झोप लागू दिली. सकाळी उठून तिने गार्गीचा फोटो भिंतीवरून काढून पदराला पुसला आणि कानवालीची डबी, स्टीलचं माप, थोडा धागा, एक पातेलं, दोन पेले आणि विलासने दिलेला तुकडा पिशवीत भरला.

समाजमंदिरात चाळीस घरच्या बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या. शैला आत गेली तशी कुजबुज थांबली. एकीने आपली पिशवी उचलून जवळ ओढली. मापचोर बाईशेजारी पिशवी कशी ठेवायची, नाही का. बर्वेबाईंनी सहीचा कागद आणि पेन टेबलावर तयार ठेवलं होतं.

शैलाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने टेबलावर डबी, माप, धागा आणि रिकामं पातेलं मांडलं.

"मी चोरी केलेली न्हाई," ती म्हणाली. "चोरी झाली असती तर बरं झालं असतं. उज्ज्वला, इकडं ये. बारा मापं टाक."

"मी कशाला टाकू? चौकशी तुमची हाय."

"पर्यवेक्षक तू हाईस. रोज दुसऱ्याचं तपासतीस. आज स्वतः टाक."

सगळ्या गल्लीसमोर मागं फिरणं उज्ज्वलाला जमलं नसतं, हे शैलाला चांगलं ठाऊक होतं. उज्ज्वला तावातावाने पुढे आली, माप भरलं, बोटाने सपाट केलं आणि पातेल्यात उलटं केलं.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. चार."

तिचा हात छान होता. शैलाला ते कबूल करावंच लागलं असतं, कुणी विचारलं असतं तर. बारा मापं झाली तेव्हा बर्वेबाईंनी डबीचं टिपण आपल्या फोनवर उघडलं. तिथं अकराचा आकडा होता.

"एक कमी," बर्वेबाई म्हणाल्या. "तुम्ही मोजताना काहीतरी राहिलं."

"आता माझ्यासमोर टाकली की बारा," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. "मी मोजली."

"परत टाका."

उज्ज्वलाने परत टाकली. परत अकरा. बर्वेबाईंच्या कपाळावर आठी आली. पहिल्या मापाला तुम्ही काय म्हणता, असं त्यांनी विचारलं, आणि उज्ज्वलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. बी.एस्सी. बाईला समजायला एवढंच पुरे होतं. तिने हातातलं माप टेबलावर ठेवलं.

शैलाने दोन्ही पेले पुढे ठेवले, एकात रेझिन रेघेपर्यंत घट्ट झालेलं आणि दुसऱ्यात त्याहून अर्धं नख वर. मग विलासच्या उशीखालचा तो तुकडा ठेवला. जे कळलं होतं ते सगळं तिने सांगितलं. वडिलांचं, लाभचं, चापटीचं. आवाज कुठेही हलला नाही. शेवटी ती बायकांकडे वळली.

"तुमच्यापैकी जी पहिल्या मापाला 'एक' म्हणते तिनं हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

मग गलका उसळला. तो शैलावर उसळला, कंपनीवर नव्हे. तू शिकवलंस. तुझ्या बापाच्या थाटापायी आमची घरं बसणार. गप्प बसून सही केली असतीस तर काय बिघडत होतं, हे तर तीन-चार जणींनी तोंडावर म्हटलं. सही करायचं शैलाच्याही मनात आलं होतं. बर्वेबाई फोन कानाला लावून बाहेर गेल्या, त्या अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. आठ महिन्यांतलं प्रत्येक पाऊल परत मागवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. सहा हजारांच्या वर. गल्लीची यंत्रं तोवर बंद. आणि हो, पुढच्या आवृत्तीत 'लाभ' हा शब्द ते डबीला नक्की शिकवतील.

"नको," शैला म्हणाली. "तिला शिकवू नका. आमचं आम्ही शिकतो."

महिनाभर गल्ली तिच्याशी बोलली नाही. नळावर तिची घागर रांगेतून बाजूला सरकवलेली असायची. परगावचे फोन यायचे ते वेगळेच, कारण परतीच्या चिठ्ठीवर करणारीचं नाव असे. जतच्या पोस्टमनने विचारलं की तोवर मी टपाल काय रांगत वाटू. गार्गीची आई तर बोलता बोलता रडली आणि मग शिव्या द्यायला लागली. पोरगी सकाळपासून पाऊल छातीशी धरून बसली आहे, सोडत नाही, तुम्ही दिलंतच कशाला मग. शैलाने फोन ठेवला नाही. त्या बाईचं संपेपर्यंत ऐकत राहिली. तेवढं ती देणं लागत होती.

पावलं परत आली ती पोत्यांतून. जुन्या मागाच्या शेडमध्ये पोत्यांची रांग लागली. ती घराघरानुसार वेगळी करायची आणि मोजून नोंदवायची होती. कंपनीने हे काम उज्ज्वलाला दिलं, आणि उज्ज्वलाने गल्लीतून एकाच बाईला बोलावणं पाठवलं. कारण काय ते तिने सांगितलं नाही, शैलानेही विचारलं नाही.

दोघी शेडमध्ये समोरासमोर बसल्या. उज्ज्वलाचे डोळे सुजलेले होते. विलास आता वॉकर धरून चार पावलं टाकतो, एवढं तिने न विचारता सांगितलं. मग म्हणाली, "ती तक्रार मी केली होती. आकडे गाळतात म्हणून. न्हाईतर जुनीच डबी राहिली असती."

"ठाऊक हाय मला."

"मग रविवारी सगळ्यांपुढं बोलला का न्हाई?"

"तू म्हणालीस ते खरंच होतं. बायका आकडे गाळतात," शैला म्हणाली. "ह्यानं तुझी माझी गट्टी झाली असं समजू नको."

"कोण समजतंय," उज्ज्वला म्हणाली आणि पहिल्या पोत्याची शिवण उसवून तिने ते शैलाकडे ढकललं. कोपऱ्यात कानवालीची डबी चालू करून ठेवली होती. "मोजा आक्का. मी लिहिते."

शैलाने पोत्यात हात घातला. वरच आलं ते लहान पाऊल होतं, तिच्या तळहाताहून थोडं मोठं. चांदणीचं स्टिकर कडेने सुटलेलं, कुणीतरी ते पुन्हा चिकटवायला बघितलेलं.

उज्ज्वला पेन धरून थांबली होती. शैलाचे ओठ सवयीने 'ला'साठी उघडले. पन्नास वर्षांची सवय, ती काय एका महिन्यात जाते. तिने तो शब्द गिळला. आटपाडीचा बाजार, ज्वारीची रास, मांडी घालून बसलेला बाप, सगळं त्याबरोबर गिळलं.

"एक," ती म्हणाली.

डबीने तिचा शब्द बरोबर ऐकला.